सहा हजार वर्षांचे खड्डे

संग्रहालयात माणसं वस्तू बघायला जातात, असा एक समज आहे. प्रागैतिहासिक गावावर बांधलेल्या संग्रहालयात तो पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतो. तिथे खड्डे बघायचे असतात, आणि तेही तिकीट काढून. हे आधी कुणी सांगत नाही. माहितीपत्रकावर नक्षीदार मडकं छापलेलं असतं, प्रवेशापाशी भांडं घेतलेल्या मुलीचा देखणा पुतळा असतो, आणि आत जाऊन बघावं तर एका प्रचंड छपराखाली पिवळसर माती पसरलेली. तिच्यात गोल खड्डे, चौकोनी खड्डे, मोठ्या खड्ड्याच्या पोटात छोटे खड्डे. भोवती कठडा आणि कठड्याला रेलून आपण.

चीनमधल्या शिआन शहराच्या पूर्वेला बान्पो म्हणून जागा आहे, तिथली ही गोष्ट. १९५३ साली चान नदीच्या काठी एक गाव जमिनीखाली सापडलं. शी शिंगबांग या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली १९५४ ते १९५७ अशी खोदाई झाली आणि १९५८ साली त्याच जागेवर संग्रहालय उघडलं. अशा तऱ्हेचं चीनमधलं हे पहिलंच. गाव सहा हजार वर्षांहून जुनं, यांगशाव संस्कृतीतलं. पसारा सुमारे ५० हजार चौरस मीटर. त्यातलं १० हजार चौरस मीटर खणलं आणि त्यातल्या जेमतेम ३ हजारांवर छप्पर घातलं. बाकीचं गाव अजून मातीखाली निवांत आहे.

बान्पोला मुद्दाम कुणी जात नाही. शिआनला माणूस येतो तो मातीच्या सैनिकांसाठी. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली ती सम्राटाची फौज बघायची, फोटो काढायचे, आणि परत येताना बान्पो वाटेवरच पडतं म्हणून कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ वाढवायची. आमच्या मराठी गटाचंही तसंच झालं. सकाळी हजारो सैनिक झाले, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. मग जेवण झालं. जेवणानंतर, जेव्हा मराठी माणसाचा इतिहासाशी संबंध सगळ्यात क्षीण असतो त्या वेळी, आम्हाला खड्ड्यांपुढे उभं केलं गेलं.

खड्डेच का, याचं उत्तर सोपं आहे. घरं लाकडाची, गवताची आणि चिखलाची होती. सहा हजार वर्षांत लाकूड कुजलं, गवत कुजलं, भिंती विरघळल्या. राहिला तो खांबासाठी खणलेला खड्डा. खड्डा म्हणजे मुळातच काही नसणं, आणि जे नाहीच ते कुजणार कसं? वर माती भरली तरी ती भोवतालच्या मातीपेक्षा रंगाने वेगळी आणि जरा भुसभुशीत राहते; आपल्याकडे बुजवलेला खड्डा पहिल्या पावसात ओळखू येतो तशी. खांबांची भोकं ओळीने लागली की भिंत कळते, भिंत कळली की घर कळतं, आणि घर कळलं की तज्ज्ञ त्यात माणसं राहायला आणतात. आम्ही तज्ज्ञ नव्हतो, पण माणसं राहायला आणण्यात आम्हीही कमी पडलो नाही.

आमची गाईड शिआनचीच एक हसतमुख मुलगी होती. गटाने पहिल्याच दिवशी तिला ‘ताई’ करून टाकलं होतं आणि तिने ते आमच्या भाषेतलं काहीतरी पदक असावं अशा समजुतीने स्वीकारलं होतं. ती इंग्रजीत सांगे, टूर मॅनेजर ते मराठीत आणे, आणि आणता आणता त्याचं वजन निम्मं होई. “हे घर अर्धं जमिनीखाली आणि अर्धं वर असे. दार दक्षिणेकडे, मध्ये चूल, वर शाकारलेलं छप्पर,” असं ती म्हणाली की मॅनेजर सांगे, “इथे घर होतं.”

पहिले जागे झाले ते जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले काका. गावाभोवती खंदक होता हे कळताच त्यांनी पिशवी बायकोकडे दिली. खंदक सुमारे ३०० मीटर लांब, ६ ते ८ मीटर रुंद आणि ५ ते ६ मीटर खोल. काकांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि जाहीर केलं, “उताराचे काठ वजा केले तरी दहा हजार घनमीटरच्या आसपास माती हलवली आहे.” कशाने? दगडी आणि हाडांच्या अवजारांनी. टोपल्यांनी माती वाहून.

“हा खंदक जंगली जनावरं आणि पूर यांच्यापासून संरक्षणासाठी होता,” ताई म्हणाली.

“जनावरं वगैरे नंतर. मुळात हे निचऱ्याचं काम आहे,” काका म्हणाले. “आणि वेळेत झालेलं दिसतंय. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं नव्हतं ना.”

ताईला याचं भाषांतर मिळालं नाही. काका पुढचा बराच वेळ त्या खंदकाच्या काठी एका जुन्या सहकाऱ्याची भेट व्हावी तसे उभे होते.

ठाण्याच्या वहिनींना खंदकाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी आल्या आल्या चूल शोधली, ती दाराच्या फार जवळ आहे असा अभिप्राय दिला आणि धान्य कुठे ठेवत ते विचारलं. धान्याची पेवं दोनशेहून जास्त सापडली आहेत. वरून तोंड लहान, खाली पोट मोठं. त्यांत काय ठेवत, तर राळे. राळ्याचं नाव ऐकल्यावर गटातल्या दोन-तीन काकूंना माहेर आठवलं. एकीच्या आजीकडे राळ्याचा भात होत असे. हल्ली तेच राळे छोट्या पाकिटात ‘आरोग्यदायी’ म्हणून बासमतीपेक्षा महाग मिळतात, यावर सर्वांचं एकमत झालं. बान्पोच्या लोकांना मात्र आपण आरोग्यदायी खातो आहोत याचा पत्ता नव्हता.

शेजारच्या दालनात कपाटांमध्ये खऱ्याखुऱ्या वस्तू आहेत. तिथे एका भांड्यापुढे वहिनी थबकल्या. मातीचं भांडं, बुडाला भोकं. खाली उकळतं पाणी ठेवायचं, वाफ भोकांतून वर.

“अगं बाई, मोदकपात्र!”

सगळ्या बायका जमल्या. भांड्याची सर्व बाजूंनी तपासणी झाली. मोदकपात्रच होतं, दुसरं काही असणं शक्य नव्हतं. त्यावर गटातल्या एका तरुणाने, मग मोदकही मूळचे चिनीच म्हणायचे का, अशी शंका काढली. तिचा निकाल ‘ते लोक मोमोज करत’ असा तातडीने लावण्यात आला.

त्याच कपाटात छोट्या भांड्यात मिळालेल्या बियांची हकिगत आहे. जळून कोळसा झालेल्या या बिया कोबी-मोहरीच्या कुळातल्या आहेत. शास्त्रज्ञांचं एवढ्यावर भागतं. आमचं भागेना. मोहरी असेल तर फोडणी होती आणि फोडणी होती तर स्वयंपाकाला सुरुवात झाली होती, असा मोहरी पक्षाचा युक्तिवाद. कोबी पक्षाचं म्हणणं, चीन आहे, कोबीच असणार. फोडणीला तेल लागतं, ते कुठून आणलं, असा एक बिनतोड मुद्दा कोबीवाल्यांनी काढला. मतदान घ्यायचंच बाकी होतं.

आता त्या टोकदार बुडाच्या भांड्याबद्दल सांगायला हवं, कारण तिथे गटातले पुरुष जागे झाले. यांगशाव संस्कृतीचं हे खास भांडं: तोंड अरुंद, पोट फुगीर, दोन कान आणि खाली सरळ टोक. उभं म्हणून राहत नाही. चीनमधल्या मुलांच्या कित्येक पिढ्या शाळेत शिकल्या की हे नदीतून पाणी भरायचं भांडं आहे. दोरीला बांधून पाण्यात सोडलं की आपोआप आडवं होतं, भरलं की गुरुत्वमध्य सरकून आपोआप उभं होतं. पूर्वजांना सहा हजार वर्षांपूर्वी पदार्थविज्ञान अवगत होतं याचा हा पुरावा. (पूर्वजांना सगळं अवगत होतं असं मानणारे फक्त आपल्याकडेच आहेत, ही माझी समजूत या दालनात दूर झाली.) पुढे कुणीतरी खरोखरच अशी भांडी करून पाण्यात सोडली, तर ती पुस्तकात सांगितल्यासारखी नीट वागेनात.

मग २०१६ साली वेगळीच बातमी आली. याच शिआनमध्ये, याच चान नदीच्या काठी, मिजियाया म्हणून यांगशाव काळाच्या अखेरीची सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची जागा आहे. तिथल्या भांड्यांच्या आतल्या पिवळट थराची तपासणी झाली. टोकदार भांडी होती, नसराळी होती, रुंद तोंडाची मडकी होती. थरात निघाली भरड धान्यं, सातू, आणखी एका गवताचे दाणे, कंद आणि हे सगळं आंबवल्याच्या खुणा. थोडक्यात, बिअर. टोकदार बूड कशाला, तर गाळ खाली साठावा म्हणून असेल.

“कुठे? कुठलं भांडं?” मागच्या बाकावर बसलेले तिघे पुढे आले.

म्हणजे इतकी वर्षं जे भांडं पाटबंधारे खात्यात होतं ते एका रात्रीत उत्पादन शुल्क खात्याकडे वर्ग झालं. आमच्या काकांना याचं मनापासून वाईट वाटलं. “मिजियायाचं मिजियायापुरतं ठेवा,” ते म्हणाले, “इथलं पाण्याचंच आहे.” बान्पोच्या भांड्यांसाठी हा बचाव अगदीच लंगडा नाही, पण तिघांनी तोवर त्या भांड्याबरोबर फोटो काढले होते. सकाळी सम्राटाच्या फौजेबरोबरही त्यांनी इतके काढले नव्हते. ताईने या संधीचा फायदा घेऊन आम्हाला ऐकवलं की इथूनच निघून भारत हिंडून आलेल्या ह्युएनत्संगाने तुमच्या महाराष्ट्राबद्दलही लिहून ठेवलंय. माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच विसरत नाहीत. लढाईआधी स्वतः मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात. तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की सातव्या शतकातच कुणीतरी आपली बाजू मांडून ठेवली होती.

खरी मजा दालनातल्या पाट्यांची. बान्पो खणलं गेलं ते १९५०च्या दशकात. त्या वेळी चीनमध्ये मानवी समाजाच्या पायऱ्या मॉर्गन आणि एंगल्स यांच्या पुस्तकांप्रमाणे ठरलेल्या होत्या: आधी आईकडून चालणारी कुळं, मग बापाची सत्ता, मग गुलामगिरी, वगैरे. गाव इतकं जुनं म्हटल्यावर ते पहिल्या पायरीवर बसणं भाग होतं. तेव्हा बान्पो मातृसत्ताक ठरलं. पुरावे होते: पुरुष पुरुषांबरोबर पुरलेले, बायका बायकांबरोबर. नवरा-बायको म्हणता येईल अशी जोडी दफनभूमीत नाही. तीन-चार वर्षांच्या एका मुलीच्या दफनात तर मणी धरून ७९ वस्तू निघाल्या; मोठ्या माणसांनाही एवढा थाट मिळालेला नाही.

मॅनेजरने भाषांतर केलं, “इथे बायकांचं राज्य होतं.”

“मग तेव्हापासून बदललं काय?” मागून एक आवाज आला. हा विनोद होणारच होता. हसले फक्त पुरुष. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “मेल्यावर तरी शेजारी नको, असं म्हणाल्या असतील. राज्य कशाला लागतंय त्याला?”

पुढच्या अभ्यासकांनी जवळपास हेच, अधिक तळटीपा घालून म्हटलं आहे. वेगळं पुरलं यावरून वेगळं पुरलं एवढंच कळतं. सत्ता कुणाची होती ते हाडं सांगत नाहीत. पण तोवर पाठ्यपुस्तकं छापून झाली होती. १९९०च्या दशकात तर संग्रहालयाला लागून पर्यटकांसाठी एक खोटं ‘मातृसत्ताक गाव’ उभं राहिलं होतं, झोपड्यांसकट. म्हणजे आत खऱ्या गावाचे खड्डे आणि बाहेर खोट्या गावाची घरं. मला हा प्रकार आवडतो. खड्डा रिकामा असल्यामुळे तक्रार करत नाही. पन्नासच्या दशकाने त्यात सिद्धान्त भरला, नव्वदच्या दशकाने धंदा भरला, आणि आम्ही दुपारभर त्यात ठाणे, पुणे आणि दादर भरत होतो. गावाच्या मध्यावर १६० चौरस मीटरचं एक मोठं घर होतं. ते सभेसाठी असावं असं सांगितल्यावर दादरच्या एका गृहस्थांनी “सतराशे स्क्वेअर फूट. कार्पेट का?” असं विचारलं होतं आणि उत्तराची खरोखर वाट पाहिली होती.

मडक्यांच्या काठांवर कोरलेल्या खुणांचंही तसंच. उभी रेघ, दोन रेघा, फुली, बाण, असे बावीस प्रकार. कुणी म्हणतं ही चिनी लिपीची पहाट, कुणी म्हणतं कुंभाराची खूण. माझ्या बायकोने बराच वेळ निरीक्षण करून तिसरं मत दिलं: भांडी शेजारी गेली की परत यावीत म्हणून. आमच्या घरातल्या प्रत्येक स्टीलच्या वाटीवर कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली आहे, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. तरी सात वाट्या अजून शेजारीच आहेत.

दफनांच्या भागात गट जरा गप्प झाला. मोठी माणसं खंदकाच्या पलीकडे पुरलेली, पण लहान मुलं घरांच्या आसपासच, मडक्यात ठेवून, वर झाकण म्हणून एखादं पसरट भांडं घालून. झाकणाच्या बुडाला एक छोटं भोक पाडलेलं. आत्म्याला जायला-यायला वाट, असं मानतात. बान्पोचं सगळ्यात प्रसिद्ध भांडं, ज्यात गोल मानवी चेहरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मासे रंगवले आहेत, ते असंच एक झाकण होतं. ते आता बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वहिनी त्या वेळी स्वच्छतागृह शोधायला गेल्या होत्या. हे पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो.

आमच्यातल्या पुणेकर काकांना गप्प राहणं जमत नाही. “हे आमच्याकडेही आहे,” त्यांनी ताईला इंग्रजीत सांगितलं. आणि गंमत म्हणजे ते खरं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, १९६८पासून वर्षानुवर्षं खोदाई केली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या घरांच्या जमिनीखाली मुलं अशीच मडक्यांत सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. गेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून असावं. तिथेही गावच्या प्रमुखाचं म्हणावं असं पाच खोल्यांचं घर निघालं, शेजारी धान्याचं कोठार. एकाला तर चार पाय असलेल्या मातीच्या रांजणात बसवून पुरलं होतं.

ताई थक्क झाली. “तिथे असंच संग्रहालय आहे?”

“वस्तू पुण्यात आहेत. डेक्कन कॉलेजमध्ये.”

“तुम्ही नेहमी जात असाल!”

“रोज,” काका म्हणाले. “म्हणजे त्याच रस्त्यावरून जातो. येरवड्याच्या अलीकडेच आहे.”

“आणि आत?”

काकांनी खंदकाची खोली किती म्हणालात ते पुन्हा विचारलं.

बाहेर पडायची वाट अर्थातच दुकानातून होती. टोकदार भांड्याच्या प्रतिकृती होत्या. ती उभी राहत नाहीत म्हणून प्रत्येकीला लाकडी तिवई. तिवईचे पैसे वेगळे आहेत का, यावर तिघा भक्तांची वाटाघाट चालू होती. आणि वहिनींनी माशांचं भांडं उचललं होतं. काळे मासे, गोल चेहरा, लालसर माती. दिसत छानच होतं.

भाव कॅल्क्युलेटरवर सुरू झाला. विक्रेती आकडा टाइप करी, वहिनी तो पुसून निम्मा टाकीत, विक्रेती छातीवर हात ठेवून मटकन बसे, वहिनी दाराकडे वळत. दोघींनी एकमेकींना मनापासून ओळखलं होतं. तिसऱ्या फेरीत सौदा झाला.

“हळदीकुंकवाला पाण्यात फुलं तरंगत ठेवायला काय सुरेख दिसेल नाही?” वहिनींनी मला विचारलं. “कशाचं होतं हो हे मूळचं?”

मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच तंबी दिली. मग मी ताईकडे पाहिलं. तिला मराठी येत नव्हतं, पण वहिनींच्या बोटांचा फुलं तरंगवण्याचा अभिनय तिला पूर्ण समजला होता. तिने भांडं हातात घेतलं, उलटं करून बूड तपासलं, प्रतिकृतीला भोक नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, “नो प्रॉब्लेम. पाणी राहील.”